इमारत सुस्थितीत आहे

ओल्या चुन्याचा वास आणि गळून पडलेल्या मोहफुलांचा वास चैत्रातल्या कोवळ्या उन्हात एकमेकांत मिसळतात तेव्हा काय होतं, हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत, आणि मराठी शिकवण्याचा पगार घेणाऱ्या माणसानं असं कबूल करणं बरं नव्हे, हेही मला कळतं. चुन्याचा वास थंड, करकरीत, नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा. मोहाचा वास मधाळ, जडावलेला, जंगलातून दबकत येऊन अंगणात बसकण मारणारा. त्या सकाळी नऊच्या सुमारास हे दोन्ही वास आमच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेवर तरंगत होते, आणि खाली शेणाच्या ताज्या सारवणावरून रांगोळीची पांढरी वेल पायरीपासून थेट फाटकापर्यंत गेली होती. भिंती इतक्या शुभ्र, की बघताना डोळे बारीक करावे लागत. छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, एका ओळीत, जणू कुणी पट्टीनं आखून बसवलेले. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. ब्रह्मपुरीपासून तासाभराच्या अंतरावरच्या, तीन बाजूंनी जंगल आणि चौथ्या बाजूनं धानाच्या बांध्या असलेल्या या टोल्यावर मी अकरा वर्षं मुख्याध्यापक आहे, आणि या अकरा वर्षांत माझी शाळा इतकी देखणी कधीच दिसली नव्हती. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक ती हीच.

तशा चुका माझ्या नावावर भरपूर आहेत. जनगणनेच्या कामात सबंध टोला घरोघर फिरून मोजल्यावर स्वतःचंच कुटुंब मोजायचं विसरलेला मुख्याध्यापक या भागात मी एकटाच असावा, आणि आपण अस्तित्वातच नाही असं नवऱ्यानं सरकारला कळवलं, हे प्रकरण आमच्या घरात अजून मिटलेलं नाही. पण त्या चुका माझ्यापुरत्या होत्या. त्यांच्यावर मी हसलो, लोक हसले, आणि दिवस पुढे गेले. ही चूक मात्र बत्तीस लेकरांच्या डोक्यावर आली. आणि डोक्यावर आली म्हणताना मी अलंकारिक भाषा वापरत नाही.

शाळा म्हणजे तीन खोल्या. दोन मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूंच्या, गावातल्या आजोबांच्या पिढीनं स्वतःच्या हातांनी उभारलेल्या; तिसरी सिमेंटची, वयानं सगळ्यांत लहान आणि प्रकृतीनं सगळ्यांत खंगलेली. तिच्या छताचे पापुद्रे सुटून खाली येऊ लागले, आतल्या गंजलेल्या सळया उपाशी गुराच्या बरगड्यांसारख्या दिसू लागल्या, तेव्हा मी तिला कुलूप घातलं. उरलेल्या दोन खोल्यांत पहिली ते पाचवी, मी आणि एक सहशिक्षिका. पावसाळ्यात आमच्याकडे लेकरं इयत्तेप्रमाणं बसत नाहीत, गळतीप्रमाणं बसतात. कुठल्या कवेलूखाली थेंब पडतो, कुठं धार लागते, कुठं नुसती ओल उतरते, हे पहिलीतल्या पोराला मुळाक्षरांआधी येतं. खात्रीची कोरडी जागा सबंध इमारतीत एकच, मोठ्या खोलीतला फळ्याजवळचा कोपरा. तिथं आम्ही पहिलीला बसवायचो, कारण ती लेकरं भिजली की दुसऱ्या दिवशी तापानं फणफणतात. तिसरी-चौथी थेंबाखाली. पाचवीला सरकण्याचा अनुभव दांडगा. मागच्या भिंतीतली चीर मी आलो तेव्हा करंगळीएवढी होती. आता तिच्यातून पलीकडे चरणारे बैल दिसतात, आणि पाळीव प्राण्यांचा धडा शिकवताना मी तिचा उपयोग केलेला आहे, हेही लपवून ठेवत नाही.

मी भद्रावतीचा. वडील कारखान्यात होते आणि आम्ही वसाहतीत राहायचो. तिथल्या शाळेत दर उन्हाळ्यात रंगारी येत. त्या तेलरंगाचा उग्र वास नाकात शिरला, की सुट्टी संपत आली हे कळायचं. खिडक्यांना काचा होत्या, आमच्या चेंडूनं त्या फुटत, आणि फुटल्या की आठवड्याभरात नव्या बसत. छत ही डोक्यावर असण्याची आणि विसरून जाण्याची गोष्ट आहे, एवढं मोठं ऐश्वर्य आपण लहानपणी उपभोगलं, हे मला टोल्यावर येईपर्यंत कळलं नव्हतं. आमची इथली लेकरं आभाळ गडगडलं की पुस्तक मिटत नाहीत. आधी मान वर करतात. एकाच जिल्ह्यातली दोन लेकरं, एक खाली ओळीकडे बघतं आणि दुसरं वर आढ्याकडे, आणि वर्षाच्या शेवटी दोघांना एकच प्रश्नपत्रिका.

संताप मलाही येतो. मी तो अर्जांत उतरवत असे, आणि माझे अर्ज चांगले असत. त्यांत उपमा असत. तीन पावसाळे अर्ज केल्यावर वरच्या कार्यालयातून निरोप आला, की शब्द पुरेत, छायाचित्रं पाठवा. आता छायाचित्रण हा माझा दुसरा दुर्गुण. मी श्रावणातली ती नेमकी वेळ पकडली, जेव्हा पाऊस थांबतो, ढग फाटतात, आणि फुटक्या कवेलूमधून उन्हाचा एक तिरपा सोनेरी खांब खोलीत उतरतो. त्या खांबाखाली पुस्तक वाचणारी मुलगी, भोवती काळोख, हवेत धुळीचे तेजस्वी कण. ब्रह्मपुरीच्या बसस्थानकाजवळ रहीमभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांनी तो फोटो मोठा करून काढला आणि हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. "गुरुजी, फ्रेम करून घ्या," ते म्हणाले, "कसम से, असा उजेड पैसे देऊन भेटत नाही."

"रहीमभाई, तो उजेड नाही, ते छिद्र आहे," मी म्हणालो.

"असू द्या ना. छिद्र भी किस्मत से भेटते."

कार्यालयाचंही मत तेच पडलं. माझं छायाचित्र शिक्षकांच्या समूहावर फिरलं, खाली अंगठे आणि फुलं उमटली, ज्ञानाचा प्रकाश दुर्गम भागात कसा पोहोचतो आहे याबद्दल दोन ओळी कुणीतरी लिहिल्या. दुरुस्तीचं काय, हे विचारणारा माझा संदेश त्या फुलांच्या खाली गडप झाला. एक गळकं छत मी इतकं सुंदर काढलं, की ते बुजवावं असं कुणाला वाटलंच नाही.

आणि लाकूड? आमच्या चहूबाजूंनी सागाचं जंगल आहे. इथल्या सागाची दारं दूरदूरच्या मोठमोठ्या दालनांना बसतात, असं भाषणांतून अभिमानानं सांगतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. त्याच सागाच्या सावलीत उभ्या असलेल्या शाळेच्या आढ्यातली एक लाकडी बल्ली वाळवीनं पोखरली, तर ती बदलायला शाळेमागचं एक वाळलेलं झाड तोडता येत नाही. त्याला परवानगी लागते, परवानगीला प्रस्ताव लागतो, आणि प्रस्तावाला इमारत दुरुस्तीयोग्य असल्याचा दाखला. जिल्ह्यातल्या कोळशावर गावोगावचे दिवे जळतात, इथल्या लाकडावर दालनं सजतात. आमच्या वाट्याला काय येतं, तर तपासणी.

ती तपासणी अखेर आली. शाळांच्या इमारतींची दुरुस्ती आणि आधुनिकीकरण यांसाठी निधी मंजूर झाला आहे, अभियंता येऊन प्रत्येक खोली बघेल, आणि छापील नमुन्यात तीन चौकोनांपैकी एकात खूण करेल: सुस्थितीत, दुरुस्तीयोग्य, धोकादायक. दोन दिवसांनी येणार. मी लगोलग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. आमच्या समितीच्या अध्यक्ष सुलोचनाबाई. दीड एकराच्या बांधीत धान पिकवणाऱ्या, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या, बोलायला धारदार. त्यांची धाकटी मुलगी प्रांजली आमच्याकडे तिसरीत. मोठी मुलगी सहावीत शाळा सोडून घरी बसली होती, आणि धाकटीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे त्या प्रत्येक बैठकीत विषय कुठलाही असला तरी एकदा म्हणत.

"साहेब पह्यल्यांदा आपल्या गावात येऊन राह्यले," सुलोचनाबाई म्हणाल्या, "अन् असी शाळा दाखवाची काय, गुरुजी?"

"बाई, मोडकी शाळा बघायलाच येताहेत ते."

यावर, कवेलू फेरण्यात सबंध पंचक्रोशीत ज्यांचा हात धरणारं कुणी नाही असे म्हातारे डोमाभाऊ कोपऱ्यातून बोलले, "पोरगी पाहाले पाहुणे येते, तं तिले फाटकं लुगडं नेसवून बाहेर काढता काय जी तुमी?"

सगळी बैठक हसली. मीही हसलो. इकडे सोयरिकीचे पाहुणे येणार असले, की घराचा कायापालट होतो. भिंतींची भोकं पांढऱ्या मातीनं बुजतात, अंगण सारवलं जातं, चुन्याच्या पट्ट्या ओढल्या जातात, शेजारी आपली चांगली खाट आणून देतात, आणि दारिद्र्य एका दिवसापुरतं मागच्या दारानं बाहेर घालवलं जातं. हा खोटेपणा नाही, ही आतिथ्याची रीत आहे, असं मला वाटलं. मला असं काहीतरी भारदस्त नेहमी वाटतं. तरीही मी थोडा कुरकुरलो. तेव्हा सुलोचनाबाईंनी माझ्या मर्मावर बोट ठेवलं.

"तुमी फक्त फळ्यावर तुमचं ते झोकदार अक्षर काढा. बाकी आमी पाहून घेतो."

माझ्या अक्षराची स्तुती झाली, की माझी विवेकबुद्धी रजेवर जाते. मी घरी जाऊन रंगीत खडू मोजले.

दोन दिवस टोला राबला. डोमाभाऊ पहाटेपासून छपरावर चढून फुटके कवेलू बाजूला काढत, घरोघरून आणलेले चांगले कवेलू बसवत होते. बायांनी भिंतीची चीर चिखलानं भरली, वरून पांढरी माती, वरून चुना. पोखरलेली बल्ली दिसू नये म्हणून कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचं गुलाबी कापड आढ्याखाली ताणलं, आणि त्यातून गाळलेला उजेड खोलीभर असा पसरला, की मी खडू हातात घेऊन क्षणभर तसाच उभा राहिलो. सिमेंटच्या कुलूपबंद खोलीच्या दारावर 'सामान' अशी पाटी लागली. चिरेच्या जागी अजून ओल दिसत होती. तिथं महाराष्ट्राचा नकाशा कुणी टांगला, हे मी लिहिणार नव्हतो, पण एवढं सांगितलंच आहे तर तेही सांगतो: मीच टांगला.

अभियंता तरुण होता, सडपातळ, जीपच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेला. पोरांनी गाणं म्हटलं. सुलोचनाबाईंनी कुंकू लावलं. तो खोलीत शिरला, गुलाबी उजेडात थांबला, भिंतीवर दोन ठिकाणी बोटांनी टकटक केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही निवांत हसू पसरलं, की मलाही आपल्या शाळेबद्दल प्रेम दाटून आलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि पहिल्या चौकोनाकडे नेलं, तेव्हा मात्र माझी विवेकबुद्धी रजा अर्धवट टाकून धावत आली.

"साहेब, हे सगळं वरवरचं आहे हो. कालपरवाच लिंपलंय. भिंत आतून पोकळ आहे."

"गुरुजी, नम्रता पुरे आता," तो हसत म्हणाला.

मी पुरावा द्यायचं ठरवलं. अंगातला सगळा जोर एकवटून मी त्या भिंतीला खांदा लावला आणि ढकलली. जिला वर्षानुवर्षं पाठ टेकायची आमची हिंमत नव्हती, बैल घासला तरी जिची माती झडे, ती भिंत त्या दिवशी किल्ल्याच्या तटासारखी उभी राहिली. मी दुसऱ्यांदा ढकलली. पोरं खिदळली. मागून डोमाभाऊ कळवळून म्हणाले, "हळू जी गुरुजी, नवा चुना हाये!" माझ्या सदऱ्याच्या खांद्यावर पांढरा ठसा उमटला, आणि नमुन्यात पहिल्या चौकोनात खूण.

जेवण डोमाभाऊंच्या घरी होतं; गरम भात, वांग्याचं भरीत, तलावातली मासोळी. हात धुताना अभियंता मला हळूच म्हणाला, "सकाळपासून दोन शाळांत खोल्या बंद करून आलो, गुरुजी. तुमच्याकडं येऊन जीव हलका झाला." ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष खांद्यावरच्या चुन्याकडे होतं.

उन्हाळ्याच्या अखेरीस याद्या आल्या. दुरुस्तीच्या यादीत आम्ही नव्हतो. इमारत सुस्थितीत असल्यामुळं आमची शाळा आधुनिकीकरणासाठी पात्र ठरली होती, आणि शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच एका टेम्पोतून दोघांनी मिळून उचलावा लागेल असा खाटेएवढा काळा, गुळगुळीत, बोट लावताच जागा होणारा डिजिटल फळा आला. मी त्याच्या विरोधात नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त बोटं मीच लावली. आम्ही त्यावर समुद्र पाहिला. देवमासा पाहिला. ज्या लेकरांनी तलावापलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं, ती निळ्या उजेडात श्वास रोखून बसली, आणि त्या शांततेत प्रांजलीनं विचारलं, "गुरुजी, मासोळीची शाळा गळत असन तं तिले काई होत नाई, नाई का जी?"

फळ्यासोबत सूचनांचा कागद होता. उपकरण कोरड्या जागी ठेवावं. ओल लागून बिघाड झाल्यास जबाबदारी मुख्याध्यापकाची. कोरडी जागा आमच्याकडे एकच होती. डोमाभाऊंनी बसवलेल्या कवेलूंखालची बल्ली तीच होती, पोखरलेली. वरच्या चांगल्या कवेलूंच्या भारानं ती वाकली, ओळी सरकल्या, आणि आषाढाच्या पहिल्या आठवड्यात गळती पुन्हा आपापल्या जागी येऊन बसली. तेव्हा मी काय केलं? मी पहिलीची सहा लेकरं त्यांच्या पाट्यांसकट उचलली, थेंबाखाली बसवली, आणि त्या कोपऱ्यात फळा ठेवला. वरून ताडपत्री पांघरली. यंत्राला ताडपत्री. लेकरांना नाही, कारण लेकरांसाठी सूचनांचा कागद आलेला नव्हता. हे मला कुणी करायला लावलं नाही, कुणाचा फोन आला नाही. माझ्या या दोन हातांनी मी ते केलं, आणि त्या आठवड्यात तापानं तीन लेकरं गैरहजर आहेत, हे हजेरीपटात सुवाच्य अक्षरात लिहिलं. व्यवस्थेला शिव्या घालणं सोपं असतं, जोवर तिचे हात आपल्याच मनगटांना जोडलेले दिसत नाहीत तोवर.

श्रावणात एका दुपारी, बाहेरच्या पडवीत खिचडी वाढली जात असताना, आत काहीतरी कण्हल्यासारखं झालं. मग एक लांब, ओला कडकडाट. आम्ही दारातून बघितलं तेव्हा बल्ली मधोमध मोडून खाली आली होती, तिच्याबरोबर दोन हात रुंदीचं छप्पर, आणि तिसरीच्या बसकरपट्टीवर कवेलूंचा ढीग होता. त्यावर शांतपणे पाऊस पडत होता. फुटल्या मडक्यासारखा, भाजल्या मातीचा वास वर येत होता. लेकरं ताटल्या हातात धरून उभी होती, आणि कुणीही रडत नव्हतं, याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. फळ्याला ओरखडाही नव्हता.

बातमी बांध्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रोवणी सोडून बाया धावत आल्या. सुलोचनाबाई गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या, हातात अजून धानाच्या रोपांची जुडी. त्यांनी प्रांजलीला शोधलं, तिचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, आणि मग त्या ढिगाकडे वळल्या. मी भेदरलो होतो, आणि भेदरलेला माणूस दोष देण्यासाठी जवळचा माणूस शोधतो.

"लावा अजून चुना!" मी ओरडलो. "पाहुण्यांसमोर गावाची शोभा राहिली पाहिजे, नाही का? खरी शाळा दाखवू दिली असती तर आज इथं नवं छत असतं!"

बायांच्या घोळक्यात चुळबुळ झाली. सुलोचनाबाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"तुमाले वाटते, आमाले समजत नव्हतं? नाल्यापलीकडच्या शाळेत काय झालं, ठाऊक हाये न तुमाले? त्यायनं खरं दाखवलं. साहेबानं धोक्याची म्हणून लिवलं, कुलूप ठोकलं, अन् लेकरं जंगलापल्याडच्या शाळेत टाकली. नवी खोली येईन म्हणे. आली काय? माही मोठी तिथीच सहावीत होती. चार दिवस गेली वाघाच्या रस्त्यानं. पाचव्या दिवसी मीच म्हटलं, नोको जाऊ. पाहा, ते उभी हाये."

घोळक्याच्या कडेला एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी चिखलानं भरलेले हात ओढणीला पुसत उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही; ती फळ्यावरच्या ताडपत्रीकडे बघत होती.

"मोडकी शाळा दाखवली तं शाळाच नेते, गुरुजी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "म्हणून चुना लावला. पाहुण्यासाठी नाई. तुमाले वाटलं, बायायले सजवाचा शौक हाये."

मला तसंच वाटलं होतं. आतिथ्याची रीत, भोळा अभिमान, गुलाबी उजेड. माझ्या डोक्यात तर त्यावर एक लेखही तयार होता. अकरा वर्षं ज्यांच्या लेकरांना मी शिकवलं, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्हाला भीती कशाची वाटते. त्यांनी मात्र सरकारचा तो छापील कागद न वाचता माझ्यापेक्षा नीट वाचला होता. धोकादायक या चौकोनापुढे दुरुस्ती नसते, कुलूप असतं. मधला, दुरुस्तीयोग्य हा चौकोन चिरलेल्या मातीच्या भिंतीच्या वाट्याला येत नाही. आणि सुस्थितीत या चौकोनापुढे छत नसतं, पण निदान शाळा असते. या दोहोंतून निवड करायला आईला भाग पाडणारा कागद कुठल्या कोरड्या, रंगवलेल्या, काचेच्या खिडक्यांच्या खोलीत बसून आखला असेल, तिथल्या छताकडे कुणी कधी मान वर करून बघितलं असेल का, या विचारानं मला जो संताप आला, तो कुठल्याही अर्जात मावला नसता. माझ्या अर्जांतल्या सगळ्या उपमा त्या दुपारी मला निर्लज्ज वाटल्या.

संध्याकाळी समिती पुन्हा बसली, सुलोचनाबाईंच्या ओसरीवर. मी तपासणीच्या वेळचा उरलेला कोरा नमुना पुढे केला. "आता खरं लिहावंच लागेल, बाई. पोरं वाचली हे नशीब."

"लिवा. पर दोन्ही लिवा. खोली धोक्याची हाये, अन् शाळा इथीच पाह्यजे."

"कुठं लिहू? चौकोन तीनच आहेत."

"मंग चौथा काढा नं. तुमाले तं पट्टी धरता येते."

पट्टी घेऊन मी चौथा चौकोन आखला. छापील सरकारी नमुन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा रेघ ओढली, आणि ती जरा तिरकी गेली. त्यात लिहिलं: इमारत धोकादायक आहे, शाळा इथेच हवी. खूण केली. खाली सह्या झाल्या, अंगठे उमटले. डोमाभाऊंनी सही करायचीच म्हणून हट्ट धरला आणि तीन वेळा खोडून आपलं नाव पुरं केलं.

तो कागद आठ दिवसांत परत आला. नमुन्यात बदल करता येत नाही. तीनपैकी एक पर्याय निवडून फेरसादर करावा, आणि असा बदल का केला याचा लेखी खुलासा मुख्याध्यापकानं द्यावा. मी खुलासा दिला. या वेळी एकही उपमा वापरली नाही. सोबत नवा नमुना जोडला, आणि त्यावरही चौथा चौकोन आखला. ही रेघ सरळ आली. तोही परत येईल. माझ्याकडे पट्टी आहे.

तोवर वर्ग सुलोचनाबाईंच्या ओसरीत भरतो. एका बाजूला धानाचं कोठार, दुसऱ्या बाजूला बत्तीस लेकरं दाटीवाटीनं, समोर पाण्यानं तुडुंब भरलेल्या बांध्या आणि त्यांत हलणारं आभाळ. प्रांजली मोठ्यानं वाचते, एकेका शब्दावर बोट ठेवत. तिची मोठी बहीण रोवणीवरून पाणी प्यायला येते, ती हल्ली लवकर परत जात नाही. खांबाला टेकून ऐकत राहते, आणि मी तिच्याकडे बघत नाही, बघितलं तर जाईल म्हणून. फाट्यावरच्या रस्त्यावर मधूनच एखाद्या जीपचा आवाज येतो. तेव्हा बांधीत वाकलेल्या बाया कंबर सरळ करतात, डोमाभाऊ चिलीम तोंडाजवळ थांबवतात, माझा खडू थांबतो. ती जीप छप्पर घेऊन येते आहे की कुलूप, हे आवाजावरून कळत नाही. ती फाट्यावर न वळता पुढे जाते, घरघर जंगलात विरते, आणि सबंध टोला एकदम श्वास सोडतो. त्या श्वासात निराशा किती आणि सुटका किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.